मांडीच्या हाडापासून यकृताच्या वणापर्यंत

उंदराच्या हाडातली मज्जा वाढवायला ठेवल्यावर सातव्या दिवशी सकाळी डिश सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली की मॅक्रोफेज, म्हणजे जंतू आणि मेलेल्या पेशी खाणाऱ्या प्रतिकारपेशी, जमले की नाही ते पहिल्या नजरेतच कळतं. जमले असतील तर तळाला घट्ट चिकटलेल्या, थोड्या लांबट पेशींचा एकसारखा थर दिसतो. डिश हलवली तरी त्या जागच्या हलत नाहीत. नसतील जमले तर गोल, तरंगत्या पेशींचा कचरा दिसतो, नाहीतर तव्यावर पसरलेल्या धिरड्यासारख्या चपट्या, रुंद पेशी. ही धिरडी दिसली की समजायचं, माध्यमात, म्हणजे पेशी वाढवायच्या पोषक द्रावणात, कुठून तरी एंडोटॉक्सिन हे जिवाणूंच्या कवचातलं विष शिरलंय आणि पेशी लढायच्या पवित्र्यात गेल्या आहेत. ती डिश यकृताच्या प्रयोगाला वापरायची नाही. मोजणीत पेशी पुरेशा भरतात, जिवंतही असतात, म्हणून वापरायचा मोह होतो. पण तशा पेशी वण कमी करण्याऐवजी वाढवू शकतात, आणि मग दोन महिन्यांचा प्रयोग कुठे फसला ते शोधत बसावं लागतं.

बडोद्यात उंदरांवर हे काम करताना जी कृती हळूहळू बसत गेली, ती इथे मांडतो आहोत. यकृताच्या वणावर प्रतिकारपेशींचा उपचार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एक सुई आणि एक बाटली येते. प्रत्यक्षात सगळं काम पेशीची अवस्था आणि देण्याची वेळ सांभाळण्याचं आहे.

यकृतात वण, म्हणजे कोलॅजन या चिवट प्रथिनाच्या तंतूंचं जाळं, तयार होतो तो मुख्यतः तारकापेशींमुळे. त्या एरवी शांत असतात आणि शरीरातल्या 'अ' जीवनसत्त्वाचा मोठा वाटा तेलाच्या थेंबांच्या रूपात सांभाळतात. यकृताच्या पेशी मरू लागल्या की जवळचे मॅक्रोफेज टीजीएफ-बीटा आणि पीडीजीएफ अशी प्रथिनं सोडतात. त्यांच्यामुळे तारकापेशी आपले थेंब गमावतात, स्नायूसारख्या आकुंचन पावणाऱ्या पेशी होतात आणि कोलॅजनचे दोर विणायला लागतात. शिवाय त्या टिंप-१ नावाचं प्रथिन सोडतात आणि कोलॅजन कापणाऱ्या विकरांनाच (एन्झाइमांनाच) अडवून धरतात. म्हणजे विणणं चालू आणि कात्री बंद. या तारकापेशी कार्ल फॉन कुप्फर यांनी १८७६ साली सोन्याच्या क्षाराने रंगवून प्रथम पाहिल्या. पुढे त्यांनीच त्या आणि यकृतातले मॅक्रोफेज एकच मानले, आणि कुप्फर हे नाव मॅक्रोफेजना चिकटलं. कुप्फर यांना सुरुवातीला दिसलेल्या पेशी वेगळ्या होत्या, हे १९७१ साली केंजिरो वाके यांनी दाखवलं. विद्यार्थ्यांचा या दोन नावांत आजही गोंधळ होतो आणि त्यात त्यांचा दोष नाही.

वण घडवायला हातभार लावणारे मॅक्रोफेज तो मोडायलाही लागतात, हे एडिंबरोतल्या जेरेमी डफील्ड आणि जॉन आयर्डेल यांच्या गटाने २००५ साली फार स्वच्छ दाखवलं. त्यांनी असे उंदीर वापरले की ज्यांचे मॅक्रोफेज डिप्थेरियाचं विष देऊन हवे तेव्हा काढून टाकता येतात. इजा चालू असताना काढले तर वण कमी झाला. इजा थांबवल्यावर, भरून येण्याच्या काळात काढले तर वण तसाच राहिला. पुढे त्याच शहरातल्या कामातून कळलं की वण उतरण्याच्या काळात जे मॅक्रोफेज पुढे येतात त्यांच्या अंगावर एलवाय६सी हे चिन्ह (पेशीच्या पृष्ठभागावरचं, ओळख पटवणारं प्रथिन) कमी असतं, आणि कोलॅजन कापणारं एमएमपी-१३ हे विकर उंदरात मोठ्या प्रमाणात वणाजवळच्या मॅक्रोफेजमधूनच येतं. आमची सगळी कृती या दोन गोष्टींवर उभी आहे.

आधी वण तयार करावा लागतो. त्यासाठी कार्बन टेट्राक्लोराइड. प्रयोगशाळेत त्याला सगळे सीसीएल-फोरच म्हणतात. यकृतातलं सीवायपी२ई१ हे विकर त्याचे तुकडे करतं, त्यातून आक्रमक मूलकं बाहेर पडतात आणि मध्यवर्ती शिरेभोवतीच्या पेशी मरतात. दर ग्रॅम वजनामागे अर्धा मायक्रोलिटर, ऑलिव्ह तेलात एकास तीन. म्हणजे २५ ग्रॅमच्या उंदराला १२.५ मायक्रोलिटर सीसीएल-फोर आणि ३७.५ मायक्रोलिटर तेल, एकूण ५० मायक्रोलिटर, पोटाच्या पोकळीत, आठवड्यातून दोनदा. आठ आठवड्यांत शिरेपासून शिरेपर्यंत कोलॅजनचे पूल दिसू लागतात.

इथे बिघडणाऱ्या गोष्टी लहान आहेत आणि महाग पडतात. सीसीएल-फोर पॉलिस्टायरीनचं प्लास्टिक विरघळवतं. मिश्रण त्या नळीत केलं तर नळी दुधाळ होते आणि प्लास्टिक उंदराच्या पोटात जातं. काचेची बाटली, घट्ट झाकण, आणि मिश्रण धूरपेटीतच करायचं. ते उडून जाणारं असल्याने गेल्या आठवड्याचं उरलेलं मिश्रण वापरलं तर डोस नकळत कमी होतो. बडोद्याच्या मे महिन्यात, बाहेर पारा बेचाळीसच्या वर असताना आणि लाईट जाऊन वातानुकूलन बंद पडल्यावर हे फार लवकर होतं, म्हणून दर वेळी ताजं करायचं. वजन दर आठवड्याला घ्यायचं. पहिल्या आठवड्याच्या वजनावर शेवटपर्यंत डोस दिला तर काही उंदीर जास्त मरतात आणि काहींना वणच धरत नाही. उंदरांचा वाण एकच ठेवायचा, कारण त्याच डोसला बाल्ब-सी जातीत वण ज्या जोमाने धरतो तसा सी५७ काळ्या उंदरांत धरत नाही. एक वाण संपला म्हणून दुसरा भरला, तर तो प्रयोग तिथेच संपला.

या सगळ्याआधी प्राणी नीतिसमितीची परवानगी. फॉर्म बी भरताना किती उंदीर, कशासाठी आणि त्रास कुठल्या टप्प्यावर थांबवणार हे लिहावं लागतं. वीस टक्के वजन घटलं की उंदीर प्रयोगातून काढायचा, ही मर्यादा आधीच लिहून ठेवलेली बरी. ऐन वेळी, आठ आठवड्यांची मेहनत समोर असताना, माणसाचा हात कचरतो.

वेळापत्रकाबद्दल एक गोष्ट कुठल्याच छापील पद्धतीत सापडत नाही. आठवड्यातून दोनदा सुई म्हणजे सुट्टीला जागाच नाही. बारा आठवड्यांच्या गणितात (आठ वण धरायला, चार उपचारानंतरचे) उत्तरायणाचे म्हणजे संक्रांतीचे दोन दिवस, नवरात्र, दिवाळी यांतलं काहीतरी बऱ्याचदा येतं. गुजरातेत दिवाळीपासून लाभपाचमीपर्यंत दुकानं बंद असतात, आणि त्या दिवसांत कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर संपला तर इन्क्युबेटरमधलं सात दिवसांचं कल्चर गेलं. धनत्रयोदशीच्या आधी भरलेला जास्तीचा सिलिंडर आणून ठेवायचा, किंवा त्या पंधरवड्यात मज्जा काढायचीच नाही. आम्ही दुसरा मार्ग धरतो.

आता मज्जा. आठ ते दहा आठवड्यांचा उंदीर, दोन मांडीची हाडं आणि दोन नडगीची. स्नायू खरवडून काढताना हाड मोडलं तर ते बाजूला ठेवायचं, कारण भेगेतून जंतू आत जातात. साफ हाडं एक मिनिट ७० टक्के अल्कोहोलमध्ये, मग थंड बफरमध्ये (पेशींना मानवणाऱ्या क्षारद्रावणात) धुऊन लॅमिनार हूडमध्ये, म्हणजे गाळलेली हवा खेळवणाऱ्या निर्जंतुक पेटीत. दोन्ही टोकं कापायची आणि २६ गेजच्या सुईने माध्यमाचा फवारा आत सोडायचा. लाल हाड पांढरं पडेपर्यंत. गुठळ्या सुईतून दोन-तीनदा हलक्या हाताने वर-खाली केल्या की सुटतात. जोर लावला तर पेशी फुटतात, त्यांतला डीएनए बाहेर येतो आणि सगळं शेंबडासारखं चिकट होतं. मग ४० मायक्रॉनची जाळी.

तांबड्या पेशी फोडायला अमोनियम क्लोराइडचं द्रावण, तीन मिनिटं, जास्तीत जास्त पाच. द्रावण घालायच्या आधीच थांबवायचं माध्यम भरून हाताशी ठेवायचं. दहा मिनिटं झाली की मॅक्रोफेज होऊ शकणाऱ्या पेशीही मरतात आणि सातव्या दिवशी डिश विरळ दिसते. चार हाडांतून साधारण चार-पाच कोटी पेशी निघतात. दोन कोटींच्या खाली आल्या तर बहुतेक वेळा फवारा नीट गेलेला नसतो. हाडाचा रंग पुन्हा बघायचा.

सेंट्रिफ्यूज ३०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ३०० पट), पाच ते दहा मिनिटं, ४ अंशांना. नवी मुलं वहीत फेरे लिहितात, जी लिहीत नाहीत, आणि यंत्र बदललं की पेलेट, म्हणजे तळाशी बसणारा पेशींचा गोळा, बदलतं. दहा सेंटिमीटर त्रिज्येच्या रोटरवर ३०० जी म्हणजे मिनिटाला सुमारे १६४० फेरे, सोळा सेंटिमीटरच्या रोटरवर सुमारे १३००. वहीत जी लिहा.

डिश साधी लागते. जिवाणू वाढवायची, विनाप्रक्रियेची पेट्री डिश. पेशींसाठी खास केलेल्या महाग डिशला मॅक्रोफेज इतके चिकटतात की काढताना अर्धे फाटतात, आणि अशा गोष्टीत पैसे वाचले म्हणून काम बिघडत नाही. दहा सेंटिमीटरच्या डिशमध्ये दहा मिली माध्यमात ४० ते ५० लाख पेशी. डीएमईएम हे तयार माध्यम, दहा टक्के सिरम, पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन, आणि मुख्य म्हणजे एम-सीएसएफ, दर मिलीला २० नॅनोग्रॅम. हे वाढप्रथिन मज्जेतल्या कच्च्या पेशीला मॅक्रोफेजच्या वाटेला लावतं. ते महाग असतं, म्हणून आम्ही एल९२९ या पेशींचं पाणी वापरतो. या पेशी आपण होऊन एम-सीएसएफ सोडतात. त्या सात ते दहा दिवस वाढू द्यायच्या, वरचं माध्यम काढून ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळायचं, छोट्या नळ्यांत भरून उणे ८० अंशांवर ठेवायचं आणि माध्यमात २० टक्के घालायचं. स्वस्त आहे आणि चांगलं चालतं. मात्र प्रत्येक खेपेचं पाणी वेगळं निघतं. एक मोठी खेप करून तीच पूर्ण प्रयोगाला पुरवावी, आणि नवी खेप जुनीशेजारी एका डिशवर ताडून मगच वापरावी. दोन खेपांचे मॅक्रोफेज एकाच प्रयोगात मिसळले, की गटांमधला फरक उपचाराचा आहे की पाण्याचा ते कुणालाच सांगता येत नाही.

तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी पाच मिली ताजं माध्यम वरून घालायचं. जुनं ओतून द्यायचं नाही. तरंगणाऱ्यांमधल्या बऱ्याच पेशी अजून चिकटायच्या वाटेवर असतात.

पावसाळ्याचा त्रास वेगळा. जुलै-ऑगस्टमध्ये विश्वामित्रीच्या काठच्या या शहरात हवा इतकी दमट होते की इन्क्युबेटरच्या पाण्याच्या ताटलीत बुरशी धरते आणि एका आठवड्यात सगळ्या डिशवर कापसाचे पुंजके दिसतात. ताटली दर आठवड्याला रिकामी करून निर्जंतुक पाणी भरायचं, दाराचं रबर पुसायचं आणि खोक्याचा पुठ्ठा कल्चरच्या खोलीत आणायचाच नाही. बुरशी निदान दिसते तरी. मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जिवाणू दिसत नाही. माध्यम गढूळ होत नाही, पेशी मरत नाहीत, फक्त मॅक्रोफेज कायम चिडलेले राहतात. एल९२९ च्या पेशींत मायकोप्लाझ्मा असेल तर त्यांच्या पाण्यातून तो प्रत्येक डिशमध्ये पोचतो. त्या पेशींची पीसीआर तपासणी दर दोन-तीन महिन्यांनी करायलाच हवी. या खर्चाला नाही म्हणणाऱ्यांशी आम्ही भांडतो.

अल्कोहोलची अडचण खास इथली. गुजरातेत दारूबंदी असल्याने शुद्ध अल्कोहोल प्रयोगशाळेत आणायलाही नशाबंदी खात्याचा परवाना लागतो आणि वापराची नोंदवही ठेवावी लागते. म्हणून हात आणि हूड पुसायला आयसोप्रोपिल, आणि खरं अल्कोहोल हाडांसाठी व शेवटच्या रंगकामासाठी राखून ठेवायचं. परवान्याचं नूतनीकरण लांबलं तर अख्खं रंगकाम अडतं. तारीख भिंतीवर लिहून ठेवावी.

सातव्या दिवशी पेशी काढायच्या. पेशी सोडवायच्या नेहमीच्या ट्रिप्सिन या विकराला मॅक्रोफेज दाद देत नाहीत, आणि जास्त वेळ ठेवलं तर पृष्ठभागावरची प्रथिनं कापली जातात. डिश बर्फावर ठेवून, ईडीटीए घातलेल्या थंड बफरमध्ये दहा-पंधरा मिनिटं, मग पिपेटने हळूहळू धुवायच्या. उरलेल्या खरवडायच्या नाहीत. मग ओळख पटवायची: फ्लो सायटोमेट्रीत (एकेक पेशी लेझरसमोरून नेऊन तिची चिन्हं तपासण्याच्या पद्धतीत) एफ४/८० आणि सीडी११बी ही दोन्ही चिन्हं असलेल्या पेशी ९० टक्क्यांच्या वर हव्यात. मेलेल्या पेशींतच शिरणाऱ्या ट्रायपॅन ब्लू या रंगाने बघितल्यावर जिवंत पेशीही ९० टक्क्यांच्या वर. या दोन्ही अटींपैकी एक जरी चुकली तरी त्या दिवशी उंदराला पेशी द्यायच्या नाहीत.

एका उंदराला दहा लाख पेशी, १०० मायक्रोलिटर सलाईनमध्ये. देण्याचे मार्ग दोन. शेपटीच्या शिरेतून दिल्या तर आधी फुप्फुसात अडकतात आणि मग त्यांतल्या काही यकृतात आणि प्लीहेत पोचतात. पोट उघडून प्रवेशिनी शिरेतून (आतड्यांकडचं रक्त यकृतात नेणाऱ्या शिरेतून) दिल्या तर थेट यकृतात. पण वण असलेल्या यकृतात त्या शिरेचा दाब वाढलेला असतो, सुई काढली की रक्त थांबत नाही. ३० गेजची सुई, सावकाश ढकलणं, सुई काढायच्या आधीच बाजूला जिलेटिनचा स्पंज तयार, आणि पूर्ण दोन मिनिटं हलका दाब. घाई केली की पोट शिवून झाल्यावर उंदीर आतल्या रक्तस्रावाने जातो. पेशी बर्फावर ठेवल्यापासून तासाभरात द्यायच्या. मॅक्रोफेज नळीच्या भिंतीला चिकटतात आणि एकमेकांनाही, म्हणून प्रत्येक सुई भरायच्या आधी नळी बोटाने हलवायची. पहिल्या उंदराला दहा लाख आणि शेवटच्याला चार लाख असा हिशेब नकळत होऊन बसतो. नळीत उरलेला थेंब शेवटी पुन्हा मोजला की हे पकडता येतं. गुठळी गेली तर उंदीर टेबलावरच धापा टाकतो. तेव्हा उरलेलं सगळं पुन्हा जाळीतून.

दिलेल्या पेशी कुठे गेल्या हे बघायला लोक त्यांना आधी रंगवतात. त्यात फसगत आहे. दिलेली पेशी मेली की यकृतातले मूळचे मॅक्रोफेज तिला खातात आणि तो रंग त्यांच्या पोटात चमकू लागतो. छायाचित्र सुंदर येतं आणि अर्थ चुकीचा निघतो. दात्याची आणि घेणाऱ्याची सीडी४५ या रक्तपेशींवरच्या चिन्हाची उपजात वेगळी असलेले उंदीर वापरणं जास्त खात्रीचं. नराच्या पेशी मादीला देऊन वाय गुणसूत्र शोधण्याची युक्तीही आहे, पण सी५७ जातीत मादीचं शरीर नराच्या पेशींतली एच-वाय प्रथिनं परकी मानतं. नाकारलं जाण्याची शक्यता आपणच कशाला आणायची?

आता नियंत्रण गट, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेले, हा उपचार न मिळालेले उंदीर. आमच्या मते या सगळ्या कामातला हाच सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि इथेच सर्वांत जास्त आळस होतो. उंदराला सीसीएल-फोर देणं बंद केलं की त्याचा वण आपोआप उतरायला लागतो. काही आठवड्यांत कोलॅजनचे पूल पातळ होतात, तुटतात. कुणी आठ आठवडे इजा करून, थांबवून, पेशी देऊन, महिन्याने 'वण कमी झाला' असं दाखवलं, तर ते पेशींशिवायही घडलंच असतं. म्हणून आठव्या आठवड्यात पेशी दिल्यावरही सीसीएल-फोर आणखी चार आठवडे चालू ठेवायचं. शेजारी तीन गट: फक्त सलाईन मिळालेला, दुसऱ्याच प्रकारच्या किंवा मेलेल्या पेशी मिळालेला, आणि नुसतं तेल मिळालेला निरोगी गट. एडिंबरोतल्या स्टुअर्ट फोर्ब्स यांच्या गटाने २०११ मध्ये उंदरांत मॅक्रोफेजचा उपयोग दाखवला तेव्हाही इजा चालूच होती, म्हणून त्या निष्कर्षाला वजन आलं.

मेलेल्या पेशींच्या गटाबद्दल एक सांगायला हवं. मॅक्रोफेज मेलेल्या पेशी खातात तेव्हा स्वतःच वण मोडणाऱ्या अवस्थेकडे झुकतात. त्यामुळे या गटातही थोडा फायदा दिसू शकतो. तो दिसला म्हणून घाबरायचं नाही. जिवंत पेशींनी त्याच्यापुढे किती मजल मारली एवढंच बघायचं.

बाराव्या आठवड्यानंतर यकृत काढताना प्रत्येक उंदराचा तोच खंड, त्याच जागेचा तुकडा. वण सगळीकडे सारखा नसतो. दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये २४ तास. चार दिवस विसरला तर प्रतिपिंडांचं रंगकाम जमत नाही. पाच मायक्रॉनचे काप. रंग सिरियस रेड, ०.१ टक्का, संपृक्त पिक्रिक आम्लात, एक तास. नंतर पाण्याने धुवायचं नाही, ०.५ टक्के ॲसिटिक आम्लाने दोनदा, कारण पाण्यात रंग वाहतो आणि बारीक तंतू हरवतात. मग शुद्ध अल्कोहोलच्या तीन बुडव्या, झायलिन, आणि वरची काच चिकटवायला डीपीएक्स. पिक्रिक आम्ल कोरडं पडलं तर स्फोटक असतं. बाटलीच्या झाकणाच्या आट्यांत पिवळे स्फटिक दिसले तर ती उघडायची नाही, सुरक्षा अधिकाऱ्याला बोलवायचं.

पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल कोलॅजन. मोजताना दहा-पंधरा दृश्यं, मोठ्या शिरा आणि वरचं आवरण टाळून, आणि मोजणाऱ्याला गट माहीत नसावा. लाल किती म्हणजे लाल, ही सीमा सगळ्या कापांना एकच ठेवायची. प्रत्येक छायाचित्रासाठी हाताने सीमा हलवली तर हवा तो निकाल काढता येतो, आणि फसवायचा हेतू नसलेल्या माणसाकडूनही हे होतं. दुजोऱ्याला हायड्रॉक्सिप्रोलिन, हे कोलॅजनमध्ये भरपूर असणारं अमिनो आम्ल: यकृताचा तुकडा ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंशांना रात्रभर, मग क्लोरामाइन-टी आणि एर्लिखचं द्रावण, ५६० नॅनोमीटरजवळ वाचन. झाकण सैल राहिलं तर आम्ल उडतं आणि आकडा खोटा वाढतो. नळी आत ठेवताना आणि काढल्यावर वजन करा.

काम जमतं तेव्हा काय दिसतं? दिलेल्या पेशी फार थोड्या उरलेल्या असतात. दहा लाखांनी अख्खं यकृत साफ केलं असं घडत नाही. त्या संदेश सोडतात, यजमानाचे स्वतःचे मॅक्रोफेज आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी वणाकडे ओढले जातात, आणि एमएमपी-१३ व एमएमपी-९ ही विकरं त्यांच्याबरोबर येतात. एलवाय६सी कमी असलेले मॅक्रोफेज तंतूंच्या कडेला रांगेत दिसतात. काठावरचा तंतू आधी पातळ होतो, मग मध्ये तुटतो. जुना, जाड, आडवे दुवे पडलेला वण मात्र दाद देत नाही. आठ आठवड्यांचा उंदराचा वण आणि वीस वर्षांचा माणसाचा वण यांत हे अंतर आहे, आणि उंदराचे निकाल वाचताना ते डोळ्यांआड करू नये.

माणसांत हा उपचार मज्जेऐवजी रक्तातून सुरू होतो. रुग्णाच्याच रक्तातले सीडी१४ चिन्हाचे मोनोसाइट (मॅक्रोफेज होऊ शकणाऱ्या पांढऱ्या पेशी) यंत्राने वेगळे काढायचे, सात दिवस एम-सीएसएफमध्ये वाढवायचे आणि त्यालाच शिरेतून परत द्यायचे. एडिंबरोतल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या चाचणीत नऊ रुग्ण होते, डोस एक कोटीपासून शंभर कोटी पेशींपर्यंत चढवत नेला, आणि डोस थांबवावा लागेल असा अपाय दिसला नाही. त्यानंतरच्या ५१ रुग्णांच्या चाचणीत मेल्ड गुणांकातला (यकृताचा आजार किती गंभीर ते सांगणाऱ्या आकड्यातला) नव्वद दिवसांचा फरक निर्णायक निघाला नाही. पण पुढच्या वर्षभरात नियंत्रण गटात यकृताच्या कारणाने मृत्यू झाले आणि पेशी मिळालेल्या गटात झाले नाहीत. ५१ ही संख्या लहान आहे. या आकड्यांवर आशा ठेवता येते, उपचार विकता येत नाही. टी पेशींना तारकापेशी किंवा थकलेल्या (म्हाताऱ्या होऊन विभाजन थांबलेल्या) पेशी ओळखायला शिकवणं, नैसर्गिक मारक पेशींकडून चेतलेल्या तारकापेशी मारून घेणं, अशा वाटांवरही काम चालू आहे. तेही अजून बहुतेक उंदरांत.

बडोद्याच्या दांडिया बाजारातून, रावपुऱ्यातून, कधी थेट इंदूरहून नातेवाईक रिपोर्टांची पिशवी घेऊन येतात आणि विचारतात, 'पेशींचं इंजेक्शन कुठे मिळेल?' कुणीतरी लाखो रुपये सांगितलेले असतात. त्यांना आम्ही चार प्रश्न लिहून देतो. कुठल्या पेशी, आणि त्या तशाच आहेत हे कुठल्या चिन्हांनी तपासलं? किती पेशी, त्यांतल्या जिवंत किती? एंडोटॉक्सिन आणि मायकोप्लाझ्माचा अहवाल दाखवाल का? भारताच्या चाचणी नोंदणीत याचा क्रमांक काय? चाचणी असेल तर तपासल्या जाणाऱ्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेता येत नाहीत. पैसे मागितले की तिथून उठायचं.

आणि नियंत्रण गटातल्या उंदरांनी दाखवलेली गोष्ट त्यांना सांगतो: इजा थांबली की यकृतातले स्वतःचे मॅक्रोफेज कामाला लागतात. माणसाची इजा थांबवायला आज औषधं आहेत. हिपॅटायटिस सी बहुतेकांना बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, बी दाबून ठेवता येतो, आणि २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात दोन्हींची औषधं सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. दारूबंदीच्या राज्यात सिरॉसिस कसा, असं विचारणाऱ्यांना गुजरातेतलंच मोडासा गाव आठवतं का ते विचारतो. २००९ साली तिथे पुन्हा वापरलेल्या सुयांतून हिपॅटायटिस बी पसरला होता. चरबीच्या यकृताला दहा टक्के वजन घटवण्याचा उपयोग वणापर्यंत पोचतो. ऐंशी किलोच्या माणसाला आठ किलो. हे ऐकून पुष्कळांचे चेहरे पडतात, त्यांना इंजेक्शन हवं असतं. आम्ही त्यांच्या पिशवीतला जुना फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या तपासणीचा कागद) काढतो, किलोपास्कलच्या आकड्याभोवती गोल करतो आणि शेजारी सहा महिन्यांनंतरची तारीख लिहून देतो. पुढची तपासणी तीन तास उपाशी राहून करायची, हेही तिथेच लिहितो, कारण जेवून गेलं की आकडा उगाच वर जातो.